निळ्या तंबूतल्या खरातबाई

खरातबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका आडदांड जर्मन म्हाताऱ्याच्या छातीवर दोन्ही हात दाबत मोठमोठ्यानं मराठी आकडे म्हणत होत्या. "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस." तीसला थांबायच्या, डोक्याशी उभा असलेला डॉक्टर दोन श्वास द्यायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. मी त्या दिवशीच अतिदक्षता विभागात रुजू झाले होते. मिरजेच्या नर्सिंगच्या शिक्षणाला इथली, म्हणजे जर्मनीतली, मान्यता मिळवायला माझं दीड वर्ष कागद, शिक्के आणि भाषेच्या परीक्षांत गेलं होतं. आता जन्मभर इस्पितळात जर्मनच बोलायचं, अशी मनाची तयारी करून मी दारातून आत पाऊल टाकलं आणि कानावर पडलं 'एकोणतीस'.

म्हातारा वाचला. बाईंनी घाम पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "नवीन का? हातातल्या बांगड्या काढा." मग छातीवरची पाटी वाचून मराठीत म्हणाल्या, "कुलकर्णी काय? मग तर लगेच काढ."

त्यांच्या हाताखाली काम केलेल्या सगळ्या जर्मन नर्सना तीसपर्यंत मराठी आकडे येत. योनास नावाचा एक धिप्पाड नर्स होता, त्याला मात्र एकोणतीस काही केल्या जमेना. तो अठ्ठावीसवरून थेट तीसवर उडी मारायचा. बाई म्हणायच्या, "आल्झो, असू दे, एका दाबानं कोणी मरत नाही. पुढं चल."

उंची जेमतेम पाच फूट, वय पन्नाशीला टेकलेलं, केस बारीक कापलेले, चालणं भरभर. मूळच्या औरंगाबादच्या. यजमान इथल्या गाडीच्या कारखान्यात इंजिनिअर. त्यांच्याबरोबर वीसेक वर्षांपूर्वी इथे नेकारसुल्म गावी आल्या आणि माझ्यासारख्याच कागदांच्या चरकातून निघून अतिदक्षता विभागात शिरल्या. दोन वर्षांचा खास अभ्यासक्रम करून त्या विभागातल्या सगळ्यात जाणत्या नर्स झाल्या होत्या. एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी त्यांच्याविषयी लिहायला बसले नसते. जर्मन नागरिकत्व मिळाल्यावर बाई इथल्या लष्कराच्या राखीव दलात गेल्या. राखीव दल म्हणजे वर्षातले काही आठवडे गणवेश घालून लष्कराच्या इस्पितळात नाहीतर सरावाला जायचं आणि उरलेलं वर्ष आपली नेहमीची नोकरी करायची. सक्ती नसते. तुमची इच्छा लागते आणि तुम्हाला सोडायची तुमच्या मालकाची. त्यांचा हुद्दा उच्चारताना माझी जीभ अडखळायची, 'हाउप्टफेल्डवेबेल'. आपल्या हवालदाराच्या वरचा काहीतरी असावा. गणवेश सगळ्यात लहान मापाचा घेऊनही बाह्या दुमडाव्या लागत. त्याला इस्त्री खरातसाहेब करत. बाईंची इस्त्री त्यांना पसंत नव्हती.

आपल्या मंडळींत यावरून थट्टा चालायची, आणि सगळीच थट्टा निर्मळ नसायची. फ्रँकफर्टला गणपतीच्या जेवणात जवळच्याच एश्बॉर्नच्या एका आयटीवाल्या गृहस्थांनी बाईंना गाठलं. "काय हो बाई, उद्या युद्ध झालं तर तुम्ही कुणाच्या बाजूनं?" पंगतीतले चारपाच जण हसले. बाईंनी मसालेभाताचा घास संपवला आणि म्हणाल्या, "जो आधी स्ट्रेचरवर येईल त्याच्या." गृहस्थांनी लगेच मठ्ठा मागितला.

बाईंचे वडील भारतीय फौजेत होते. निवृत्त होऊन औरंगाबादला राहायचे. लेक दुसऱ्या देशाचा गणवेश घालणार हे त्यांना फोनवर कसं सांगावं याची बाईंनी महिनाभर धास्ती घेतली होती. शेवटी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "बूट कोण पॉलिश करतं?" बाई म्हणाल्या, "मीच करते, आबा." "मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुढच्याच आठवड्यात त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं की आमच्या घरात फौज तुटली नाही. हे सांगताना बाईंचा चेहरा शाळेत पहिला नंबर आलेल्या मुलीसारखा व्हायचा.

कामात त्यांचा एक हट्ट होता. पाळी बदलताना एक नर्स दुसरीला रुग्णांची माहिती देते, तिथे 'तीन नंबरचा बेड' असं म्हटलं की बाई पेन खाली ठेवत. नाव सांगेपर्यंत पुढचं ऐकूनच घेत नसत. सकाळी सहा वाजता डोळे चुरचुरत असताना सगळ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबत, माझ्याही. पण बाईंपुढे बोलणार कोण?

मी लागल्याच्या पुढच्या वर्षी बाई चार महिन्यांसाठी अफगाणिस्तानात गेल्या. तंबूंचं एक इस्पितळ होतं, तिथे अतिदक्षतेच्या नर्सची गरज होती. इस्पितळाच्या मुख्य परिचारिकेनं नाखुशीनंच सही दिली. परत आल्या तेव्हा रापल्या होत्या, वजन उतरलं होतं. सगळ्यांसाठी सुके जर्दाळू आणले होते. कसं होतं विचारलं की "धूळ फार" एवढंच म्हणायच्या. खरातसाहेबांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "तिला विचारू नकोस हं. ती सांगेल तेव्हा ऐक."

त्यांचं काही बदललंय हे कळायला मला फार वेळ लागला नाही. आमच्याकडे काही रुग्ण असे असतात की ज्यांचे आणखी उपचार थांबवायचं डॉक्टर आणि घरचे मिळून ठरवतात. यंत्रं हळूहळू काढायची, वेदना होऊ द्यायच्या नाहीत आणि वाट बघायची. अशा रुग्णाजवळ पूर्वी बाई जेवढं लागेल तेवढंच थांबायच्या. आता त्या खुर्ची ओढून बसायला लागल्या. रुग्णानं हात धरला की स्वतःहून सोडवून घेत नसत. त्याची पकड आपोआप ढिली होईपर्यंत बसून राहत. त्यांची बाकीची कामं तोवर कुणाच्या अंगावर? माझ्या, नाहीतर योनासच्या.

एकदा दुपारी बाई अशाच एका आजींजवळ बसल्या होत्या. बाईंकडेच दिलेल्या पाचव्या बेडवर वाईस नावाचे शिक्षक होते, सगळे त्यांना 'हेर वाईस', म्हणजे वाईससाहेब, म्हणत. त्यांचा रक्तदाब टिकवणारं औषध पंपातून थेंबाथेंबानं जात होतं. पंपातली सिरिंज संपत आली, भोंगा वाजायला लागला. मी दुसऱ्या खोलीत दोन्ही हात अडकलेल्या अवस्थेत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बाई उठतील. उठल्या नाहीत. हातमोजे फेकून मी धावले तेव्हा हेर वाईसचं प्रेशर पन्नासावर आलं होतं. सिरिंज बदलली, चार मिनिटांत ते सावरले. विश्रांतीच्या खोलीत मी बाईंना गाठलं. वयाचा, मानाचा काही विचार केला नाही.

"बाई, पाचव्या बेडचं प्रेशर पन्नासावर गेलं होतं."

"हेर वाईस," त्या म्हणाल्या.

"हेर वाईस तर हेर वाईस. भोंगा ऐकू आला नाही का तुम्हाला?"

"आला."

"मग उठला का नाहीत?"

त्या कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. मला त्यांचा इतका राग आला होता की मी दार आपटून निघून गेले. वर तक्रार करावी की नाही यावर मी दोन दिवस झुरत राहिले. तिसऱ्या दिवशी मुख्य परिचारिकेनं मला बोलावलं. तिच्या टेबलावर त्या दिवशी झालेल्या चुकीचा अहवाल होता. बाईंनी स्वतःच लिहिला होता, स्वतःच्या नावानं, वेळेसकट. खाली एक वाक्य होतं, 'सहकारी वेळेवर पोचली म्हणून रुग्ण वाचला.' मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

त्यानंतर महिनाभर आम्ही कामापुरतंच बोललो. मग एका शनिवारी त्यांनीच फोन केला, "फ्रँकफर्टला चाललेय, ज्वारीचं पीठ संपलंय. येतेस का?" मी गेले. वाटेत महामार्गावर गाड्या थांबल्या. असा लांबलचक 'स्टाउ' लागला की इथे एक शिस्त पाळतात. डावीकडच्या गाड्या अगदी डावीकडे सरकतात, उजवीकडच्या उजवीकडे, आणि मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी राहते. बाईंनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मधून एक रुग्णवाहिका गेली, मग दुसरी, मग डॉक्टरांची गाडी. बाई मोजत होत्या. बराच वेळ काहीच आलं नाही. माणसं गाड्यांतून उतरून सिगारेटी ओढायला लागली. बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढले नव्हते. मग त्या एकदम बोलायला लागल्या.

"सीमा, चार रंगांच्या चिठ्ठ्या तुला माहीत आहेत ना?"

माहीत होत्या. एकाच वेळी खूप जखमी आले की डॉक्टर झटपट बघून रंग ठरवतो आणि बरोबरची नर्स त्या रंगाची चिठ्ठी जखमीच्या गळ्यात अडकवते. लाल म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा आपल्या पायांनी चालत आलेला. आणि निळा म्हणजे जगण्याची आशा नाही. हाताशी माणसं आणि सामान कमी असताना त्याच्यावर खर्ची घालायचं नाही. निळ्यांना वेगळ्या तंबूत ठेवतात.

"बाजारात स्फोट झाला होता. अकरा जण आणले. आमच्याकडे टेबलं तीन. डॉक्टर सांगत होते, मी चिठ्ठ्या अडकवत होते. एक म्हातारा होता, डोक्याला लागलेलं, पोटाला लागलेलं. डॉक्टर म्हणाले, निळा. मी निळी अडकवली. त्यानं माझं मनगट धरलं. मी त्याची बोटं काढली. एकेक करून काढावी लागली, घट्ट धरलं होतं. मग मी लालमध्ये गेले. माझं कामच ते. गेनाऊ, अगदी त्यासाठीच मला नेलं होतं."

"बरोबरच केलंत."

"ऐक ना. निळ्यांना दर अर्ध्या तासानं पुन्हा बघायचं असतं. कधीकधी पहिला अंदाज चुकतो. चिठ्ठीवर वेळ लिहायची आणि डॉक्टरला परत तिथं न्यायचं, हे त्या दिवशी माझ्याकडं होतं. मी वेळ लिहिली. आणि विसरले. निळ्या तंबूत एक शिपाई बसवला होता, त्याला रक्ताच्या पिशव्या आणायला पाठवलं. मीच पाठवलं. चार तासांनी गेले तर म्हातारा स्ट्रेचरवर नव्हता. तंबूच्या दाराशी होता. गेलेला. स्ट्रेचरपासून दार किती लांब, मी पावलांनी मोजलं. नऊ पावलं. ज्याला आशाच नाही तो माणूस नऊ पावलं सरपटत येतो का गं?"

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"चौकशी झाली. डॉक्टर म्हणाले, वाचला नसताच. अहवालात सगळं बरोबर होतं. असेलही. पण तो दारापर्यंत आला. कुणीतरी यावं म्हणून आला."

"म्हणून त्या आजींजवळून उठला नाहीत?"

"हं. आणि इकडं हेर वाईस मरत होते. म्हणजे मी आता लालमध्येही कामाची राहिले नाही. तुझं खरं होतं त्या दिवशी." समोरच्या गाड्यांची इंजिनं सुरू व्हायला लागली. "मी स्पेशालिटी बदलतेय. पॅलिएटिव्ह. अर्ज दिलाय."

पॅलिएटिव्ह म्हणजे बरं न होणाऱ्यांचा वॉर्ड. तिथे बरं करायचं नसतं, सोबत करायची असते. मला त्या दिवशी मनातून सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. बाईंना हवं तिथे बसता येईल आणि माझ्या खोलीत भोंगे वाजणार नाहीत. राखीव दलातली त्यांची जागा अतिदक्षतेच्या नर्सची आहे, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तो विभाग सोडला की काही महिन्यांत त्या जागेला लागणारा सराव संपतो. पॅलिएटिव्हच्या नर्सला लष्करात जागा नव्हती. म्हणजे एक वॉर्ड सोडायचा तर गणवेशही सोडायचा. आणि गणवेश सोडायचा तर औरंगाबादला आबांना काय सांगायचं?

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी लष्कराला पत्र लिहिलं. पहिला मसुदा मीच तपासला. तीन पानांत एकच मागणी होती. निळ्या तंबूसाठी एक प्रशिक्षित नर्स नेमा, आणि ती जागा मला द्या. उत्तर आलं, सभ्य भाषेत, की सूचनेची नोंद घेतली आहे. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. तिसऱ्यानंतर एका मेजरसाहेबांनी भेटायला बोलावलं. ती भेट बाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता सांगितली.

"माणूस चांगला होता. कॉफी दिली. म्हणाला, फ्राऊ खरात, तुमच्यासारखी अतिदक्षतेची नर्स आम्हाला दहा हव्यात, पॅलिएटिव्हची आमच्या आराखड्यात नाही. मी म्हटलं, निळी चिठ्ठी आहे ना आराखड्यात? म्हणाला, हो, आहे. मग तिथं कोण असतं? तर म्हणाला, जो मोकळा असेल तो." त्यांनी भाकरी उलटली. "मी म्हटलं, युद्धात मोकळं कोण असतं, हेर मेजर? त्यावर त्यानं कॉफी आणखी हवी का विचारलं."

टेबलाशी त्यांची लेक मैत्रेयी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिला मराठी सगळं कळायचं, बोलायची मात्र जर्मन. ती मान वर न करता जर्मनमध्ये म्हणाली, "ममा, तू अतिदक्षतेतच राहा ना. तिथे तू लोकांना वाचवतेस." बाईंनी पुढची भाकरी तव्यावर टाकली. खरातसाहेब दारात उभे होते. ते म्हणाले, "अगं, तुला दोन्ही हवंय आणि दोन्ही मिळणार नाही. त्यांनी सांगितलं ना स्पष्ट." बाई म्हणाल्या, "अहो, म्हणून तर भाकऱ्या करपताहेत." पहिल्यांदाच मला त्या म्हाताऱ्या दिसल्या.

तीन आठवड्यांनी त्यांनी गणवेश परत केला. सामानाची यादी असते. बूट, पट्टा, टोपी, एकेका वस्तूपुढे खूण होते. बाईंनी सगळं धुऊन, घड्या घालून दिलं. खरातसाहेबांनी आदल्या दिवशी शेवटची इस्त्री केली होती. गोदामातला कारकून म्हणाला, इस्त्रीची गरज नव्हती, हे सगळं पुन्हा धुवायलाच जातं. हे बाईंनी हसून सांगितलं, पण मला ते ऐकवेना.

"आबांना कळवलंत?" मी विचारलं.

"नाही. नव्वदीला आलेत. त्यांच्या लेखी मी अजून फौजेत आहे."

"कधी सांगणार?"

"सांगेन की."

सांगितलं नाही. दर पंधरवड्याला आबा फोनवर विचारत, परेड कशी झाली, आणि बाई सांगत, चांगली झाली. नावाच्या बाबतीत पहाटे सहाला सगळा विभाग वेठीला धरणारी ही बाई आपल्या बापाशी दर पंधरा दिवसांनी खोटं बोलत होती, आणि तिला त्याचा किती त्रास होत होता ते मी बघत होते. फोन ठेवला की उगाचच ओटा पुसायच्या.

आपल्या बायकांत कुजबुज झालीच. एकीनं हळूच विचारलं, "त्या वॉर्डातून आल्यावर आधी अंघोळ करता ना, मग स्वयंपाक?" बाई म्हणाल्या, "आधी जेवते. भूक लागते." मुख्य परिचारिका त्यांच्यावर वर्षभर रुसून होती. योनासनं मात्र निरोपाच्या दिवशी एकपासून तीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले, एकोणतीससकट. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, उच्चार चुकीचा आहे.

नव्या वॉर्डात मी त्यांना अधूनमधून भेटायला जायची. तिथे त्या सुखी झाल्या असं लिहायला मला आवडलं असतं. शांत झाल्या होत्या, एवढं म्हणता येईल. दुपारी त्या खुर्चीत बसलेल्या दिसत, कुणाचा तरी हात हातात. पण बोलता बोलता मध्येच थांबून दाराकडे बघायच्या. एकदा म्हणाल्या, "इथं आठ रुग्णांना आम्ही तीन नर्स आहोत. इथं कुणाला दारापर्यंत यावं लागत नाही. तिकडं अजून तसंच आहे."

आता खरातबाई नाहीत. माझी फ्रँकफर्टच्या इस्पितळात बदली झाल्यानंतरच्या वर्षी त्या आबांना भेटायला औरंगाबादला गेल्या आणि तिथेच हृदयविकारानं गेल्या. आबा मागे राहिले. त्या वेळी बाईंजवळ कोण होतं, की कुणीच नव्हतं, हे खरातसाहेबांना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते नेकारसुल्म सोडण्याच्या आधीच्या शनिवारी. आमच्या इस्पितळाचा, अग्निशामक दलाचा आणि राखीव सैनिकांचा मिळून आपत्तीचा सराव होता. रेल्वेचा अपघात झालाय असं धरून चालायचं. जखमींची सोंगं घ्यायला गावातली माणसं हौसेनं येतात. त्यांना रंगरंगोटी करून खोट्या जखमा देतात, काय दुखतंय ते शिकवतात. सकाळचे दहा वाजलेले, मैदानावर तंबू ठोकलेले. मला लाल तंबू दिला होता. माझ्या वाट्याला पाय तुटलेल्याचं सोंग घेतलेला एक पोस्टमन आला होता आणि तो फार मन लावून विव्हळत होता. पट्ट्या आणायला मी बाहेर पडले. वाटेत निळा तंबू होता. मी सहज आत डोकावले.

सात-आठ स्ट्रेचर होती. तिसऱ्या स्ट्रेचरवर खरातबाई. डोक्याला खोटं रक्त, गळ्यात निळी चिठ्ठी. त्या जखमी व्हायला आल्या होत्या आणि त्यांनी निळं मागून घेतलं होतं, हे मला नंतर कळलं. तंबूत नर्स नव्हती, शिपाई नव्हता. कुणीच मोकळं नसावं.

मी त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसले. म्हटलं, "बाई, मी आहे. मी थांबते."

त्यांनी डोळे उघडले. ज्या आवाजात त्यांनी मला पहिल्या दिवशी बांगड्या काढायला लावल्या होत्या त्याच आवाजात विचारलं, "तुझ्याकडं कुठला रंग आहे?"

"लाल."

"त्याला कोण बघतंय?"

"सराव आहे हो, बाई," मी म्हटलं. "खोटा पाय आहे त्याचा."

"ऊठ. इथं दुसरं कुणीतरी यायला हवं. तू नव्हे. तू इथं बसलीस तर ते म्हणतील, बघा, जमतंय की असंच, वेगळी नर्स कशाला." आणि मी अजून हलत नाही असं पाहून, "सीमा, पळ."

मी उठले. दाराशी वळून पाहिलं. शेजारच्या स्ट्रेचरवर एक पांढऱ्या केसांच्या जर्मन आजी होत्या. सोंग घ्यायला आलेल्या, पण बराच वेळ तसंच पडून राहून खरोखरच गांगरलेल्या वाटत होत्या. बाई स्ट्रेचरवरून खाली उतरल्या. निळ्या चिठ्ठीच्या माणसानं हलायचं नाही, असा सरावाचा नियम होता. पाहणीला आलेला एक अधिकारी दारातून आत येऊन म्हणाला, "तुम्ही हलू शकत नाही, तुम्ही मरणासन्न आहात." बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या जमिनीवरून सरकत आजींपर्यंत गेल्या, स्ट्रेचरला पाठ टेकून बसल्या आणि त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलायला लागल्या. अधिकाऱ्यानं वहीत काहीतरी लिहिलं. लाल तंबूतून पोस्टमनचं विव्हळणं ऐकू येत होतं, आणि मी पट्ट्या आणायला पळाले.